रिकामे खोगीर

हिंगोलीत रिसाला बाजार आहे. रिसाला मात्र नाही. पलटण आहे, तोफखाना आहे, पेन्शनपुरा आहे. पण त्या पलटणी, त्या तोफा आणि पेन्शन खाऊन सुखाने मिशा पिळीत बसणारे ते म्हातारे शिपाई हे सारे केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले. एके काळी हैदराबाद कंटिन्जंटची छावणी या गावात होती. १९०३ साली ते सैन्य हिंदुस्थानच्या मुख्य लष्करात सामावून घेतले गेले आणि गावाजवळ ही नावे तेवढी उरली. घरातला कर्ता माणूस जावा आणि खुंटीवरचा त्याचा रुमाल कोणी काढू नये, तशी ती अजून जागच्या जागी आहेत. आता रिसाला बाजारात जायचे म्हणजे आपण रिक्षा करतो, आणि रिक्षावालाही त्या शब्दाचा घोड्याशी काही संबंध असेल असे मनात आणीत नाही.

शब्दांचे असेच असते. रिसाला हा शब्द जसा फारशीच्या वाटेने आपल्याकडे आला, तसे त्याच्या पाठोपाठ अवघे घोड्याचे सामानच आले. लगाम, जीन, रिकीब, खोगीर, चाबूक, नाल, तोबरा, तबेला, पागा हे सारे शब्द फारशीच्या अंगणातून आले. त्यांतले काही मुळचे अरबी. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देवविले; पण तबेल्यात ते पर्याय फारसे रुळलेले दिसत नाहीत. घोड्याला संस्कृत कळत नाही म्हणून असेल, किंवा मोतद्दाराला कळत नाही म्हणून असेल! पुढे घोडे गेले आणि शब्द आपल्या घरातच बांधून राहिले. जिने कधी खोगीर पाहिले नाही अशी गृहिणी ‘ही कसली खोगीरभरती?’ म्हणून फराळाच्या ताटावर टीका करते, आणि तिच्या मुलाने तोंडात चकल्यांचा तोबरा भरलेला असतो.

या शब्दांची चित्रे पाहायची असतील तर ती फारशी पोथ्यांत पाहावीत. इराणातल्या आणि हेरातच्या चितारांनी पाच-सहाशे वर्षांपूर्वी तळहाताएवढ्या, फार तर वहीच्या पानाएवढ्या कागदावर जी लघुचित्रे काढली, त्यांत हे सारे सामान आपापल्या जागी दिसते. केसाएवढ्या बारीक कुंचल्याने काढलेला लगामाचा गोंडा, जिनाखालची वेलबुट्टीदार झूल, रिकिबीत टेकलेला मऊ बूट. मला या चित्रांचे वेड कसे लागले ते सांगत बसत नाही. वेडाला कारण विचारू नये. पण ते लागले खरे, आणि त्यामुळे माझे माझ्या आजीशी एक भांडण सुरू झाले. आजी हयात नाही, तरीही ते भांडण पुष्कळ वर्षे चालले. अशी भांडणे समोरचे माणूस गेल्यावरच रंगात येतात.

आजीला घोडा आवडत नसे. ती शेतकऱ्याची मुलगी आणि शेतकऱ्याची सून. तिच्या लेखी जनावर म्हणजे बैल. पोळ्याला ती बैलाच्या पायांवर पाणी घाली तेव्हा तिच्या तोंडावर जो भाव असे, तो मी देवळातही तिच्या तोंडावर पाहिला नाही. घोडा म्हणजे मात्र गावात कोणीतरी काहीतरी मागायला आले! तिच्या लहानपणी वसुलीचा अंमलदार घोड्यावरून येई. घोड्याला हिरवा चारा आणि हरभऱ्याची चंदी गावाने पुरवायची, स्वाराला कोंबडी. घोडा रानातून आडवा गेला तर ज्वारीच्या धाटांचा हिशेब कोणी विचारायचा नाही. “बैल वाहतो आन् पिकवतो, घोडा वाहतो आन् तुडवतो,” असे ती म्हणे. फारशी चित्रांतले ते गुलाबी डोंगर, ते सोनेरी आभाळ आणि त्याखालून चाललेले राजांचे घोडे पाहताना मला तिचे हे वाक्य आठवे आणि मी मनातल्या मनात तिच्याशी वाद घालू लागे. कारण तिचे म्हणणे खरे असेल, तर माझे वेड हे तुडवणाऱ्यांच्या बाजूचे ठरत होते.

वरवर पाहता तिचेच खरे वाटते. या चित्रांत घोडा ही राजेपणाची खूण आहे. राजा शिकारीला निघाला, राजा लढाईला निघाला, राजा बागेत उतरला. सगळीकडे घोडा हवा. त्याची ठेवणही ठरलेली. भरदार छाती, कमानदार मान, लहानसे डोके आणि एवढे मोठे धड पेलतील की नाही अशी शंका यावी इतके नाजूक पाय. पुष्कळदा त्याच्या पायांना आणि शेपटीला मेंदी लावलेली असते. नवरीच्या हाताला लावावी तशी मेंदी घोड्याच्या पायाला! एवढा थाट करायला चाकर हवेत, आणि चाकर ठेवायला खजिना हवा. मेंदीचे पाय जमिनीला कामासाठी लागत नाहीत, हे पाहणाऱ्याला न सांगता कळावे, हाच त्या मेंदीचा अर्थ.

परंतु ही चित्रे थोडी अधिक वेळ पाहिली म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. त्यांतली माणसे बोलत नाहीत. सगळ्यांचे चेहरे पौर्णिमेच्या चंद्रासारखे गोल आणि तितकेच निर्विकार. प्रेमात पडलेला तरुण, शत्रूचे मुंडके उडविणारा वीर आणि मरायला टेकलेला राजा यांच्या मुद्रांत फरक शोधू गेले तर भिंग घेऊनही सापडायचा नाही. फारच आश्चर्य वाटले तर माणूस तर्जनी ओठांशी नेतो, एवढेच. मग त्या माणसाच्या मनात काय चालले आहे ते चितारी सांगतो कुठे? पुष्कळदा घोड्यात. स्वार थंडपणे पुढे पाहत असतो आणि घोड्याचे कान टवकारलेले असतात, डोळा मोठा झालेला असतो, पुढचा पाय अर्धवट उचलून थबकलेला असतो. माणसाने झाकलेले सारे घोडा उघडे करतो. घरात वडीलधारे गप्प बसलेले असावेत आणि पोराने सगळे सांगून टाकावे, तसे!

शिरीन आणि खुस्रो यांची गोष्ट घ्या. निजामी या बाराव्या शतकातल्या कवीने ती सांगितली आणि पुढे शेकडो चितारांनी ती रंगविली. शिरीन ही आर्मेनियाची राजकन्या. खुस्रोची तसबीर पाहून ती त्याच्यावर लुब्ध होते आणि एके दिवशी शिकारीचे निमित्त करून, शबदीज नावाच्या काळ्याभोर, वाऱ्यासारख्या घोड्यावर बसून एकटीच त्याच्या राजधानीकडे निघते. वाटेत एका तळ्यावर ती स्नानाला थांबते. नेमका त्याच वेळी खुस्रो, आपल्या बापाच्या भीतीने वेष पालटून, त्याच वाटेने उलट दिशेने येतो. तो तिला पाहतो. ती त्याला पाहते. दोघेही एकमेकांच्या शोधात निघालेले, आणि दोघांनाही ओळख पटत नाही. चित्रात खुस्रोचे बोट ओठांवर आहे, शिरीन गुडघाभर पाण्यात केस सावरते आहे, आणि दोघांच्या मध्ये शबदीज उभा आहे. आपल्याकडे एखादे काम तडीस गेले म्हणजे ‘गंगेत घोडं न्हालं’ म्हणतात. इथे घोडा कोरडाच राहिला आणि काम फसले. शिरीन घाईने कपडे अंगावर घेते, शबदीजवर स्वार होते आणि दिसेनाशी होते.

या चित्रातला घोडा राजेपणाची खूण राहिलेला नाही, हे सांगावयास नको. तो शिरीनचे धाडस आहे. तिची आत्या राणी, तिचा वाडा, तिच्या दासी हे सारे मागे टाकून तिला एकटीला दूर नेणारे जे काही तिच्यात होते, त्याला चिताऱ्याने चार पाय दिले आहेत. पुढे शिळा फोडणारा फरहाद तिच्यावर जीव टाकतो. डोंगरावरून उतरताना तिचा घोडा थकून कोसळू लागतो तेव्हा तो शिरीनला घोड्यासकट खांद्यावर उचलून घेतो. हेही चित्र पुष्कळांनी काढले आहे. खाली एक राबणारा माणूस, त्याच्या खांद्यावर घोडा, घोड्यावर राजकन्या. प्रथम पाहिले तेव्हा मला हसू आले होते. आता येत नाही. जो आपल्याला वाहतो त्यालाही कधी वाहावे लागते, हे एवढ्या सरळपणे सांगितलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

पण घोड्याची खरी कहाणी पाहायची तर रुस्तुमाच्या रख्शाकडे वळले पाहिजे. फिर्दौसीने शाहनामा १०१० साली पुरा केला आणि तेव्हापासून इराणात कोणीही मोठा चितारी झाला की त्याने रख्श काढला नाही असे होत नाही. केशरावर गुलाबाच्या पाकळ्या विखुराव्यात तसा त्याचा रंग कवीने वर्णिला आहे. तरुण रुस्तुम कळपातून हे शिंगरू निवडतो आणि राखणाऱ्याला किंमत विचारतो. राखणारा म्हणतो, तू रुस्तुम असशील तर याच्यावर बैस आणि इराणची घडी नीट बसव. इराणभूमी हीच याची किंमत. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. गिऱ्हाईक मानेखालचा देवमण पाहते, अंगावरचे भोवरे मोजते, दात पाहते आणि मग रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. पण घोड्याच्या बदल्यात देश नीट करून दे, असा भाव सांगणारा व्यापारी तिथे कोणी भेटायचा नाही, आणि तो देणारे गिऱ्हाईकही भेटायचे नाही!

सात संकटांच्या वाटेवर रुस्तुम एका रात्री गवतात झोपी जातो. ती सिंहाची जागा असते. सिंह येतो, रख्श त्याच्यावर तुटून पडतो आणि त्याला ठार करतो. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात या प्रसंगाचे एक अपुरे राहिलेले चित्र आहे. ते सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचे असून सुलतान मुहंमद या चिताऱ्याचे मानले जाते. रानातले एक एक पान जिवंत आहे, घोडा आणि सिंह एकमेकांना चावत आहेत, आणि त्या साऱ्या गदारोळाच्या शेजारी रुस्तुम गाढ झोपलेला आहे. जागा झाल्यावर तो काय करतो? घोड्याला रागे भरतो! तू मेला असतास तर माझे चिलखत आणि गदा कोणी वाहिली असती, असे विचारतो. पुढच्या एका रात्री अजगर येतो. रख्श टापा आपटून धन्याला उठवतो, पण तेवढ्यात अजगर अंधारात लपतो. रुस्तुमाला काही दिसत नाही. दुसऱ्यांदाही तसेच होते आणि रुस्तुम त्याला मारून टाकण्याची धमकी देतो. तिसऱ्यांदा घोडा भीत भीत येतो, धन्याची भीती आणि अजगराची भीती दोन्ही पोटात घेऊन, पण येतो. आणि त्या खेपेस रुस्तुमाला अजगर दिसतो.

या घोड्याचा शेवट ठाऊक आहे? रुस्तुमाचा सावत्र भाऊ शघाद शिकारीच्या वाटेवर खड्डे खणतो, त्यांत भाले उभे करतो आणि वर माती पसरतो. रख्शाला ताज्या उकरलेल्या मातीचा वास येतो. तो अंग आक्रसतो, जमीन हुंगतो, पुढे पाय टाकीना होतो. रुस्तुमाला राग येतो. तो चाबूक ओढतो. तो फटका घोड्याला सहन होत नाही; तो उडी घेतो आणि दोघेही भाल्यांवर पडतात. मरता मरता रुस्तुम झाडाआड दडलेल्या शघादाला झाडासकट बाणाने विंधतो. हेही चित्र चौदाव्या शतकातल्या एका पोथीत आहे. वीर बाण सोडतो आहे, आणि खाली खड्ड्यात त्याचा घोडा भाल्यांनी विंधलेला पडला आहे. पाहणाऱ्याचे लक्ष बाणावर जावे अशी मांडणी आहे. माझे मात्र प्रत्येक वेळी त्या घोड्यावर जाऊन अडते.

मातीचा वास! आमच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला हे चटकन कळते. उकरलेल्या मातीचा वास वेगळा, भिजलेल्या मातीचा वेगळा. रख्शाला जे कळले ते रुस्तुमालाही कळू शकले असते; पण तो उंचावर बसला होता. माणूस खोगिरावर बसला म्हणजे जमिनीपासून चार हात दूर जातो आणि तेवढ्यानेच त्याला वाटू लागते की आपल्याला लांबचे दिसते. घोडा मात्र जमिनीशी नाक लावून असतो. आपल्या प्रत्येकाच्या आत असा एक मातीचा वास ओळखणारा असतो. एखाद्या व्यवहारात, एखाद्या सोयरिकीत, एखाद्या सहीच्या वेळी तो पाय टाकीना होतो. आपण त्याला भित्रा म्हणतो आणि चाबूक ओढतो.

आता कोणी म्हणेल, सूफींनी तर घोड्याचा अर्थ अगदी उलट लावला आहे. त्यांच्या बोलीत ‘नफ्स’ म्हणजे वासनांनी भरलेला जीव हा उधळलेला घोडा. त्याला उपाशी ठेवून ताळ्यावर आणावा. इराणी चितारांनी हाडे मोजता येतील असे रोडके घोडे काढले ते या अर्थाने, असे जाणकार सांगतात. आणि यासाठी इराणात जाण्याचेही कारण नाही. १६२५ च्या सुमाराचे, विजापुरी कलमाचे असेच एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पाण्यावर रंग तरंगवून त्यावर कागद टेकवायचा आणि रंगांच्या लहरी उचलून घ्यायच्या, अशी अबरीची कला असते. त्या कलेच्या जोडीने केलेला, बरगड्या दिसणारा घोडा आणि त्यावरचा स्वार असे ते चित्र आहे. तेव्हाचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा हा गाण्याचा आणि चित्रांचा शोकी. आणि त्याला फारशीपेक्षा मराठी अधिक सफाईने बोलता येई, असे मुघलांचा वकील असद बेग याने लिहून ठेवले आहे. म्हणजे हा उपाशी घोडा मराठी बोलणाऱ्या राजाच्या मुलखातला. आपल्याच सोयऱ्यांपैकी म्हणावयाचा!

आपल्याकडेही कठोपनिषदाने शरीराचा रथ केला, मनाचा लगाम केला आणि इंद्रियांना घोडे म्हटले. लगाम खेचायला हवा हे खरेच. पण त्या रोडक्या विजापुरी घोड्याकडे पाहताना मला संयमाचा आनंद होत नाही, पोटात कालवते. मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना बरगड्या दिसणारे जनावर हे कशाचेही प्रतीक वाटू शकत नाही. भुकेचा उपदेश पोट भरलेल्याने ऐकावा. आजी तर म्हणाली असती, “आधी त्याला वैरण घाला, मग त्याचा अर्थ सांगा.” आणि गंमत अशी की, चितारालाही हेच वाटले असावे असा मला संशय येतो. कारण साऱ्या चित्रात लक्ष वेधून घेतो तो घोडाच, स्वार नव्हे. त्याच्या त्या वाकलेल्या मानेवर चिताराने जो जीव लावला आहे, तो केवळ उपदेशासाठी कोणी लावीत नाही.

आजीचे आणि माझे भांडण मिटविले ते शेवटी एका चित्रानेच. कैरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सादीच्या ‘बोस्ताँ’ची १४८८ सालची एक पोथी आहे. ती हेरातच्या सुलतान हुसेन बायकराच्या पदरी तयार झाली आणि तिच्यातली चित्रे बिहजाद या थोर चिताऱ्याने काढली. त्यांत एक प्रसंग आहे. दारा राजा शिकारीत आपल्या माणसांपासून चुकतो आणि एका कुरणात येतो. समोरून एक माणूस धावत येताना दिसतो. शत्रू समजून राजा धनुष्याला बाण लावतो. तो माणूस ओरडतो, “महाराज, मी आपल्याच घोड्यांचा राखणदार!” राजा हसून म्हणतो, नशीब तुझे, नाहीतर आता मेला होतास. त्यावर तो गुराखी जे बोलतो ते ऐकण्यासारखे आहे. तो म्हणतो, मी किती वेळा दरबारात आलो, आपण माझ्याशी घोड्यांविषयी, कुरणाविषयी बोललात, आणि आज आपल्याला मी शत्रूहून वेगळा ओळखू येऊ नये? मला या लाखांतला कोणताही घोडा वेगळा काढून दाखविता येतो. ज्या राज्यात राजाला गुराख्याएवढीही पारख नाही, त्या राज्याचे कसे व्हायचे?

बिहजादाने हे हिरव्या कुरणात रंगविले आहे. राजा घोड्यावर, भरजरी पोषाखात. गुराखी जमिनीवर उभा, हात पुढे करून बोलणारा. आणि सभोवार घोड्या आणि शिंगरे निवांत चरत आहेत. हे चित्र राजासाठी, राजाच्या पैशाने, राजाच्या ग्रंथालयात झाले, हे ध्यानात ठेवा. सुलतानाने पोथी उघडावी आणि त्याला घोड्यावरचा राजा खोटा पडलेला आणि पायी उभा असलेला राखणदार खरा ठरलेला दिसावा! मेंदीच्या पायांचे शेकडो घोडे काढून झाल्यावर त्या कलेने हे चित्र काढले. आजीने धाटे मोजली होती, तिला घोडा आवडला नाही. पण हे चित्र तिला दाखविता आले असते तर तिने त्या गुराख्याला नक्की ओळखले असते. तो तिच्याच वस्तीतला. घोडा कोणाचा, तर जो बसतो त्याचा की जो त्याला नावाने ओळखतो त्याचा, या प्रश्नाचे तिचे आणि बिहजादाचे उत्तर एकच आहे. आमचे भांडण घोड्याशी नव्हते, हे मला त्या कुरणात समजले. ते खोगिरात कोण आणि कसा बसतो, याविषयी होते.

मग कोणीच बसला नाही तर?

शाहनाम्यात सियावुश नावाचा राजपुत्र आहे. सावत्र आईने केलेल्या खोट्या आरोपातून सुटण्यासाठी तो काळ्या घोड्यावर बसून आगीच्या डोंगरातून जातो आणि धक्का न लागता बाहेर पडतो. पुढे परक्या देशात त्याचा वध होतो. मरण जवळ आले हे जाणून तो घोड्याच्या कानात सांगतो, माझा मुलगा कैखुस्रो येईपर्यंत कोणालाही पाठीवर बसू देऊ नकोस. घोड्याचे नाव बेहजाद. आपल्या चिताराचेही नाव तेच, आणि त्याचा अर्थ सुजात. वर्षे लोटतात. तो घोडा रानात मोकळा हिंडतो, कोणाला जवळ येऊ देत नाही. शेवटी कैखुस्रो बापाचे खोगीर घेऊन येतो. घोडा ते खोगीर ओळखतो, जागच्या जागी उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते.

हे वाचताना परका देश मला एकदम घरचा वाटला. ६८० साली करबलाच्या रणात इमाम हुसेन पडले आणि त्यांचा घोडा मोकळ्या पाठीने तंबूंकडे परत आला, ही कथा मराठवाड्यातल्या गावागावांत ठाऊक आहे. मोहरममध्ये ज्या निघतात त्यांना आमच्याकडे ‘सवारी’च म्हणतात, आणि त्यांच्यामागे हिंदूही चालतात, नवस बोलतात, साखर वाटतात. ताबुतांबरोबर घोड्याच्या नालेच्या आकाराचे निशाण असते. घोडा नाही, स्वार नाही, एक नाल तेवढी उंच धरलेली!

आणि आषाढात तर मोकळ्या पाठीचा घोडा अवघ्या महाराष्ट्राचा होतो. ज्ञानोबा माउलींच्या पालखीपुढे दोन घोडे असतात. ते अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. एकावर पताका घेतलेला स्वार; दुसऱ्याच्या पाठीवर कोणी नाही. तो माउलींचा अश्व. माउली त्यावर बसलेली आहे, अशी वारकऱ्यांची भावना. रिंगणात हे दोन्ही घोडे धावतात, लाखभर माणसे ‘माउली, माउली’ म्हणून आरोळी देतात आणि घोडे निघून गेल्यावर टापांखालची माती उचलून कपाळी लावतात. आमच्या जिल्ह्यातूनही शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी जाते. ती सेनगावावरून नामदेवांच्या नर्सीला येते, तिथून औंढ्याला नागनाथाच्या पायाशी टेकते. पालखीबरोबर घोडे असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेरणी नुकतीच झालेली असते. ज्या रानातून घोडा गेला म्हणून एके काळी आमची माणसे मुकाट्याने हळहळत, त्याच रानाच्या बांधावर उभ्या राहून बाया घोड्याच्या पायांवर पाणी घालतात, जसे पोळ्याला बैलाच्या पायांवर घालतात तसे. इथे घोडा काही मागायला आलेला नसतो. पाठीवर हुकूम करणारा कोणी नसतो, म्हणून त्याला चंदी घालताना कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

इराणी चितारांना पंढरीची वाट ठाऊक नव्हती आणि वारकऱ्यांना रख्श ठाऊक नाही. तरीही दोघांनी घोड्याकडून शेवटी एकच काम करून घेतले आहे. ज्याचा चेहरा काढता येत नाही, त्याला वाहून आणण्याचे. शिरीनचे धाडस, रुस्तुमाला न ऐकू आलेला इशारा, सियावुशाचा शब्द, आणि इकडे माउलीची उपस्थिती. या गोष्टींना रंग नाही, रूप नाही; म्हणून त्या घोड्याच्या पाठीवर दिल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन कोणी मुंबईच्या किंवा हैदराबादच्या संग्रहालयात गेले, तर अशा लघुचित्रांपुढे थोडे थांबावे. मुले राजाचा मुकुट पाहतील, तलवार पाहतील, पाहू द्यावे. मग त्यांना विचारावे, घोड्याचे कान कसे आहेत रे? पुढे झुकलेले आहेत की मागे पडलेले? तो काय हुंगतो आहे? आणि तो सारा थाटमाट बाजूला ठेवून, त्या चित्राच्या कोपऱ्यात, घोड्याचा लगाम धरून कोणी उभा असेल तर त्याचेही तोंड नीट पाहून घ्यावे. चिताराने त्याला बहुधा नाव दिलेले नसते. पण घोड्याचे नाव त्याला ठाऊक असते.